मोजून दाखवते

घरी वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चाललं होतं, म्हणून मी मुलाखतीचा फोन बाबांच्या शिलाईच्या दुकानात घ्यायचं ठरवलं. बाबांनी माझ्यासाठी मशीन बंद ठेवलं. भर कामाच्या वेळी ते मशीन गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात पडदा ओढून मी स्टुलावर बसले. समोर आरसा, त्यात माझंच घाबरलेलं तोंड.

घाबरायला कारण होतं. लेक झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि बघता बघता सात वर्षं सॉफ्टवेअरचं काम सुटलं. आता भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्या छपाईच्या दुकानात काउंटरवर बसायला बोलावलं होतं. माणूस सोन्यासारखा. पण आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं, नाहीतर ते दुसरं कुणीतरी बघणार होते. एकदा त्या काउंटरमागे बसले की मी पुन्हा इंजिनिअर होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

फोन वीस मिनिटं उशिरा आला. पलीकडचा साहेब कागदावरून प्रश्न वाचत होता आणि मधूनमधून काहीतरी कुरकुरीत खात होता. पहिले चार प्रश्न बरे गेले. पाचवा आला.

"वीस हजार नावांची यादी आहे. आधीच क्रमाने लावलेली. शेवटी नवीन पाच नावं जोडली. आता पुन्हा क्रम लावायचा. कोणती पद्धत वापराल?"

मला हसूच आलं. जुन्या नोकरीत मी तीन वर्षं रोज सकाळी हेच करायचे.

"इन्सर्शन सॉर्ट," मी म्हणाले. "बाकीची नावं जागेवरच आहेत. पाच नावं तेवढी मागे सरकवत आपापल्या जागी खोचायची."

"चूक. क्विक सॉर्ट. ती सगळ्यात जलद असते."

"पण सर, इथे यादी आधीच—"

"मॅडम, इथे उत्तर लिहिलेलं आहे. मधे बरीच वर्षं गेली ना, विसरायला होतं."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "हो सर, बरोबर आहे. चुकलंच माझं."

पुढचे प्रश्न मला नीट ऐकूही आले नाहीत. "कळवू," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी आरशातल्या बाईकडे बघितलं आणि मला तिचा मनस्वी राग आला.

पडदा सारून बाहेर आले. बाबांनी सगळं ऐकलं होतं. पडद्यानं कुठे आवाज अडतो!

"तुझं उत्तर बरोबर होतं?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग 'चुकलं' कशाला म्हणालीस?"

बाबांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. कधी एखादं गिऱ्हाईक तावातावानं येतं, बाही आखूड झाली म्हणतं. बाबा वादही घालत नाहीत आणि माफीही मागत नाहीत. आधी टेप लावतात. आखूड निघाली तर उसवतात, नाही निघाली तर आकडा गिऱ्हाइकाला वाचायला लावतात.

मी बॅगेतून लॅपटॉप काढला. कापडाचे तुकडे बाजूला सारले आणि कापायच्या टेबलावरच प्रोग्राम लिहायला घेतला. वीस हजार नावं, शेवटी पाच नवी, दोन्ही पद्धती, प्रत्येकी शंभर वेळा. सात वर्षांनी बोटं अडखळली. एक साधा सुटलेला कंस शोधायला दहा मिनिटं गेली. पण प्रोग्राम चालला. दर वेळी माझीच पद्धत पुढे. आकडे आणि प्रोग्राम दोन्ही मी साहेबाला पाठवले. वर एवढंच लिहिलं: 'फोनवर मी माझी चूक कबूल केली, ती चूक नव्हती.'

तासाभरात उत्तर आलं. 'आपलं म्हणणं योग्य आहे. प्रश्नाचं उत्तर बदलत आहोत. मात्र आपली निवड न झाल्याचं वरिष्ठांना आधीच कळवलेलं आहे.'

वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे बाही बरोबर निघाली, पण गिऱ्हाईक गेलं."

"गेलं," मी म्हणाले.

"जाऊ दे. माप तर कळलं." त्यांनी मशीन सुरू केलं.

त्या खडखडाटातच भाऊजींचा फोन आला. "काय वहिनी, सोमवारपासून येताय ना?"

"नाही भाऊजी. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. आज माझ्या बरोबर उत्तराला चूक म्हणाले, पण गुरुवारी आणखी एक मुलाखत ठरलेली आहे."

ते काळजीनंच म्हणाले, "आणि तिथेही चूक म्हणाले तर?"

"तर फोन ठेवू देणार नाही," मी म्हणाले. "थांबा म्हणेन, मोजून दाखवते."