छत्रीची पेटी

गोंदियाच्या म्युनिसिपाल्टीच्या निवडणुकीत झामसिंग पटले उभा राहिला तो मिशीपायी. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात पानठेल्यापुढं कुणीतरी म्हणालं, "झामसिंगभाऊ, वार्डात तुमाले कोन विचारते?" झामसिंगनं मिशीवर हात ठेवला आणि सांगितलं, "निवडून नाई आलो त हे उतरवून देईन." ऐकायला वीसेक माणसं होती. बाजारात बोललेलं माणसाला परत घेता येत नाही, ते त्याच्याआधी गावाला पोचलेलं असतं. त्यामुळं अर्ज भरायच्या आधीच मिशी डावावर लागली होती.

मिशीही अशी तशी नव्हती. तीस वर्षं तेल पाजून वाढवलेली, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. बायको मुन्नीबाई म्हणायची, आमच्या घरी तेल दिव्याला कमी आणि ओठाला जास्त लागते.

तसं पाहिलं तर हरायचं काही कारण नव्हतं. वार्ड रेल्वेच्या रुळांपलीकडचा. त्यात पोवारांची साठ घरं आणि साठही घरांत झामसिंग थोरला. सख्खा, चुलत, मावस, मानलेला, कसंही नातं लावा, तो सगळ्या पुरुषांचा दादा निघायचा. म्हणजेच त्यांच्या बायकांचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आणि जेठाचा मान त्या काळी देवापेक्षा थोडा जास्तच होता, कारण देवाच्या निदान पायाला तरी हात लावता येतो. जेठाला बहूनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, शिवायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. चहा द्यायचा झाला तरी कप चार हातांवर भुईला ठेवायचा, पदर ओढून मागं सरायचं, मग जेठानं पुढं होऊन उचलायचा. जेठानंही अंगणात शिरण्याआधी खाकरायचं, म्हणजे बायकांना आडोशाला जायला सवड मिळते. झामसिंगचं खाकरणं स्टेशनापर्यंत ऐकू जातं, अशी ख्याती होती. आणि त्याच्याही आधी दिसायची ती त्याची काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, काही नसो, छत्री उघडीच. कुंपणावरून ती सरकताना दिसली की गल्लीतले सगळे पदर खाली यायचे.

निवडणुकीत त्याला निशाणीही छत्रीच मिळाली तेव्हा तो म्हणाला, "देवच प्रचार करून राहिला आपला."

समोर उभा होता मनोहरलाल, सायकली दुरुस्त करणारा सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याची निशाणी शिडी. तो त्याच साठ घरांतला, पण सगळ्यांत धाकटा, म्हणजे सगळ्या बायकांचा दीर. दिराशी थट्टा चालते, गप्पा चालतात. तो चुलीपाशी बसून मुरमुरे खात भौजायांना मतं मागायचा आणि त्या हसून त्याला पाट्यावर मिरची वाटायला बसवायच्या.

त्या वेळी चिठ्ठीवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र. पडद्याआड जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. हे बायकांना समजावणं भाग होतं, आणि जेठानं बायकांसमोर जायचं कसं? झामसिंगनं तोड काढली. अंगणात उभं राहायचं, खाकरायचं, बायका आत गेल्या की भिंतीला भाषण द्यायचं. बरोबर चुलतभाऊ मुन्नालाल असायचा, मान हलवायला.

"ऐकून घ्या," झामसिंग भिंतीला सांगायचा, "पेटीवर छत्री काढली राहील. ते पेटी नोहे. तिथं मीच बसलो हावो असं समजा. चिठ्ठी माह्यासमोर आणून देऊन राहिलो, असं समजूनच द्या."

भिंत गप्प राहायची. आतून बांगड्या वाजायच्या. झामसिंगला ते टाळ्यांसारखं वाटायचं. हे भाषण त्यानं चाळीस-पन्नास भिंतींना दिलं आणि दर भिंतीगणिक 'मीच बसलो हावो' यावर जास्त जोर दिला.

मुन्नीबाईच्या मनात मात्र काहीतरी खटकलं. ती म्हणाली, "बायांले मले समजावू द्या. तुमी पेटीत कायले बसता?"

"तुले राजकारणातलं काय समजते?" झामसिंग म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, पण तेव्हा त्याला कोण सांगणार?

मतदान शाळेत होतं. बायकांची खोली वेगळी. झामसिंग समोरच्या चिंचेखाली छत्री उघडून बसला आणि बोटांवर मोजत राहिला. एकूण त्रेचाळीस बहुआ आत गेल्या. मुन्नालालची बायको रुक्मा सगळ्यांत पुढं होती. बाहेर येताना एकेकीच्या चालीत असं समाधान होतं, की जणू पाहुण्यांना पोटभर जेवू घालून पान दिलं आहे. आपल्या माणसांचा एवढा जीव आपल्यावर आहे, हे झामसिंगला त्या दिवशी खरोखर जाणवलं.

मनोहरलाल उदास होता. "भौजाया मले पाहून हासून राहिल्या," तो म्हणाला. "माहं काई खरं नाई."

संध्याकाळी मोजणीआधी उमेदवारांसमक्ष निवडणुकीच्या साहेबांनी बायकांच्या खोलीतला पडदा बाजूला केला आणि ते जागीच थांबले. दिवसभर पडद्यामागं कुणी डोकावलं नव्हतं, कारण डोकावायचं नाही असा कायदाच होता.

"ये क्या तमाशा है?" साहेब म्हणाले.

छत्रीच्या पेटीसमोर, बरोबर चार हातांवर, भुईवर चिठ्ठ्या मांडल्या होत्या. ओळीनं, एकमेकींना लागून. उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. एकीवर खड्याच्या जागी सुपारी होती. साहेबांनी मोजायला लावल्या, त्रेचाळीस भरल्या.

खोलीत कुणालाच काही उमगेना. एक कारकून म्हणाला, पेटीचं तोंड बंद झालं असेल. त्यानं बोट घालून पाहिलं, तोंड उघडं होतं. झामसिंग मात्र त्या ओळीकडं बघतच राहिला. ती मांडणी तो तीस वर्षं रोज बघत होता. फक्त तिथं चहाचा कप असायचा.

"साहेब," तो म्हणाला, "हे माहेच होत."

"आपके कैसे?"

"माह्या बहुआईनं माह्यासमोर ठेवले. असंच ठेवत राहतेत. अन् मग मी उचलतो."

साहेब भले माणूस होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो उठाए क्यों नहीं?"

साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, त्यात जेठ कुठंच नव्हता. पेटीत पडलं ते मत, बाहेर राहिला तो कागद. मनोहरलाल पंचवीस मतांनी निवडून आला आणि स्वतःच इतका घाबरला, की हार घालून घ्यायच्या आधी झामसिंगच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. मुन्नालाल म्हणाला, "दादा, लोकाईनं मत देलं ना? मंग मिशी काऊन काढता?" पण झामसिंगचा शब्द बाजारात दिलेला होता. वस्तरा चारच वेळा फिरला. तीस वर्षांची मिशी टॉवेलावर पडली, आणि मुन्नीबाई तेलाची बाटली उचलून आत निघून गेली. आरशातला माणूस झामसिंगच्या ओळखीचा नव्हता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच निघाला. छत्री घेतली नाही, तिच्याकडं बघवतच नव्हतं. रूळ ओलांडून तो गावाच्या बाजूच्या विहिरीशी पोचला. तिथं वार्डातल्या बायका पाणी भरत होत्या. सवयीनं खाकरणं गळ्यापर्यंत आलं, पण त्या दिवशी तेवढाही धीर नव्हता. तो तसाच उभा राहिला.

एकीनंही पदर ओढला नाही. छत्री नाही, मिशी नाही, खाकरणं नाही. जेठाचा चेहरा कुणी पाहिलाच कुठं होता? असेल कुणी रेल्वेचा माणूस, म्हणून त्या आपल्या बोलत राहिल्या. भिंतीआडून ऐकलेल्या आवाजावरून त्यानं रुक्माला ओळखलं. तिच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तिच्या गालावर तीळ आहे हे त्याला तेव्हा कळलं.

"मालगाडी उभी राहिली का घंटाभर डोक्यावर हंडा घेऊन उभं रावा लागते," रुक्मा म्हणत होती. "नळाचं मनोहरलालले बोललो आपण. जेठजीले कोन सांगन? त्याहिले सांगाची सोयच नाई."

"तरी मत त त्याहिलेच देलं ना सगळ्याईनं," दुसरी म्हणाली.

"देलं. सुपारी ठेवून देलं. पर त्याहिनं उचललंच नाई." रुक्माच्या आवाजात खरी तक्रार होती. "चहा त बरोबर उचलतेत."

आलं ते हसू होतं की रडू, झामसिंगलाही कळलं नाही. पण बाहेर पडलं ते खाकरणंच, स्टेशनापर्यंत जाणारं.

दोर सुटला, बादली विहिरीत पडली, सगळे पदर एकदम खाली आले. बायका पाठमोऱ्या झाल्या. झामसिंग विहिरीच्या चाकाकडं तोंड करून उभा राहिला, कारण त्याच्याशी बोलायला हरकत नव्हती.

"सांगजो बायांले," तो चाकाला म्हणाला, "नळासाठी मी मनोहरलालसंगं म्युनिसिपाल्टीत जातो. अन् पुढच्या खेपेले पेटी तिथंच राहील, पर मी तिच्यात बसणार नाई."

पाठमोऱ्या बायकांतून कुणीतरी पदराआड हसलं. झामसिंगनं गळ टाकून त्यांची बादली वर काढली, काठावर ठेवली आणि चार हात मागं सरला.