जीपच्या दिव्यांना कल्हई

सुमनबाईचा नेम होता, देवापुढं दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एरवीही तिचा आवाज शेजारच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नसे, म्हणून सकाळचं हे मौन घरात कुणाच्या ध्यानातही येत नसे. नवरा किशनराव म्हणायचा, हिचं मौन सुटलं का न्हाई ते मला दुपारच्या भाकरीलाच कळतंय.

शहाऐंशी सालच्या दिव्याच्या अवसेला त्या मौनानंच घात केला.

लेक मनकर्णा वैशाखात देवगाव फाट्याजवळच्या गावी दिलेली. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणजे लेक माहेरी यायलाच पाहिजे. पण तिचे सासरे दिनकरराव अडून बसले होते. लग्नाच्या गडबडीत एका संध्याकाळी किशनरावाची जीप रस्ता सोडून ओढ्यात उतरली होती, आणि आत दिनकरराव होते, नव्या कोऱ्या फेट्यासकट. तेव्हापासून त्यांचा निरोप ठरलेला: खुरपणीचे दिवस आहेत, सून दिवस मावळल्यावरच मोकळी होईल, आणि आंधळ्या गाडीत आम्ही तिला बसवणार नाही.

गाडी आंधळी होती हे खरंच. लिलावातली जुनी जीप. दिव्यांच्या काचा मळलेल्या, आतल्या वाट्यांवर काळे डाग. उजेड बोनेटाच्या पुढं जायला लाजायचा.

अवसेच्या सकाळी किशनरावानं दोन्ही दिवे खोलून ओट्यावर मांडले. काचा तेवढ्या धुऊन ठेव, दुपारी गंगाखेडला पंडित मिस्त्रीकडं नेतो, असं सांगून तो रानात गेला.

दिव्याच्या अवसेला घरातला दिवा म्हणून जो काही असेल तो घासायचा आणि पाटावर मांडून पुजायचा. सुमनबाईनं समई घासली, निरांजन घासलं, कंदील पुसला, गोठ्यातली चिमणीसुद्धा सोडली नाही. मग जीपच्या काचा धुतल्या. आणि मग तिची नजर त्या वाट्यांवर गेली. आजच्या दिवशी असा डागाळलेला दिवा देवापुढं ठेवायचा? हात लावावा की लावू नये, हे शेजारच्या बायनाबाईला विचारावं असं मनात आलं, पण दिवा लागला नव्हता, मौन सुटलं नव्हतं. तिनं चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेतली.

पहिल्याच हाताला वरचा पांढरा थर सुटला आणि खालून पिवळं पितळ चमकलं. वर्षानुवर्षांचा मळ निघायलाय, असं तिला वाटलं. मग तर तिच्या हातात वारं शिरलं. दोन्ही वाट्या सोन्यासारख्या करून तिनं समईशेजारी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य दाखवला.

किशनराव दुपारी आला आणि पाटापुढं खालीच बसला.

"हे राखेनं घासलंस?"

"चिंच पण लावली," सुमनबाई म्हणाली. मौन सुटलेलं होतं.

तो ओरडला नाही. पांढरा होता तो चांदीचा मुलामा आणि उजेड फेकायचं काम त्याचंच, एवढंच त्यानं सांगितलं. मग कडब्याची खोली बंद करून बॅटरीवर दिवे लावून पाहिले. हळदीच्या अंगाचा उजेड निघाला, पहिल्या पेंढीपर्यंत गेला आणि तिथंच बसला.

पंडित मिस्त्री कधी हसत नसे. कुंकू लागलेल्या त्या वाट्या बघून तो टायरावर बसून हसला, आणि मग म्हणाला की ह्या घडणीच्या वाट्या हैदराबादहून मागवाव्या लागतील, पंधरा दिवस धरा. पंचमी पाच दिवसांवर होती.

ज्या दिव्यांनी लेक घरी यायची, ते सुमनबाईनं आपल्याच हातानं पुजून विझवले होते.

दुसऱ्या दिवशी भाकरी करायला तिनं परात काढली. कल्हई उडालेली, पिवळी पडलेली परात. ती हातात धरून सुमनबाई वाट्यांकडं बघत राहिली; पितळ तेच, पिवळेपणाही तोच. चुलीवरचा तवा धुरायला लागला.

मारुतीच्या पाराजवळ मदारभाई कल्हईवाला भट्टी लावून बसायचा. सुमनबाईनं परात हातात घेतली, वाट्या पदराखाली. मदारभाईनं वाटी उलटीपालटी करून बघितली.

"इसमें कौन खाता, माँ?"

"आमची जीप."

म्हातारा हसला नाही. वाटीवर बोट फिरवून म्हणाला की शेंडीचे ओरखडे लय खोल गेलेत. अशावर कथील फिरवलं तर परातीला चालेल, दिव्याला नाही. आधी हे घोटायला पाहिजे. त्यानं झिजत आलेल्या बारीक पॉलिश पेपरचे तुकडे दिले, पाण्यात भिजवून एकाच दिशेनं फिरवायचे, घाई नक्को.

एका दिशेनं, घाई न करता, हे काम सुमनबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा रोजचा जप होताच. एका नावाला एक फेरा. माळ संपली की कागद बदलायचा. दोन दिवस ती ओट्यावर बसून वाट्या घोटत राहिली, आणि किशनराव येताजाता विचारायचा, देव कुठवर आला? ती ओठ न थांबवता वाटी वर करून दाखवायची.

तिसऱ्या दिवशी मदारभाईनं वाट्या भट्टीवर धरल्या. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, आणि त्यानं कापसाचा बोळा एकदाच, गर्रकन फिरवला. सुमनबाईनं आत डोकावून पाहिलं. तिचं तोंड दिसलं, उलटं, कपाळावरच्या कुंकवासकट.

चौथीच्या दिवशी दिवे परत बसवून किशनराव आणि सुमनबाई जीप घेऊन दिनकररावांच्या दारात उभे राहिले. दिनकररावांचं शब्दावर भागणार नव्हतं. त्यांनी गाडी गोठ्यात घालायला लावली, दारं लावून घेतली, खिडकीला पोतं टांगलं, आणि पंचांग घेऊन पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. बैलसुद्धा वैरण सोडून बघायला लागले.

किशनरावानं बटण ओढलं. गोठा चांदण्यासारखा पांढरा झाला. दिनकररावांनी डोळ्यांपुढं हात धरला, मग पंचांग उघडून मोठ्यानं तिथी वाचली, वार वाचला, आणि उगीच खोड काढायची म्हणून राहुकाळही वाचला. तोही वाचता आला. जवळ येऊन त्यांनी काच निरखली. वरच्या कडेला कुंकवाचं बोट होतं.

"हे काय, किशनराव? गाडीबी सवाष्ण केली का?"

किशनरावानं बायकोकडं बोट केलं आणि दिवे कुणी घासले, कुणी घोटले ते सगळं सांगून टाकलं.

दिवस मावळताना मनकर्णा गाठोडं घेऊन जीपमध्ये बसली. दिनकरराव परत आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. त्यांच्या ट्रॅक्टरचे दिवे होते, दोन्ही, वाट्यांवर काळे डाग पडलेले.

"इहीणबाई, पंचमी झाली की सून आन् दिवे, दोन्ही येळेवर पाठवा."

सुमनबाईनं पोतं मांडीवर घेतलं आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "दिवे पाठवीन, भाऊ. लेकीचं बघू."