बटन नसलेला डबा

चूळ भरभरून टाकली तरी तोंडातली चव जात न्हाई, अशी काही माणसं असतात. बोरीचे दिनकरराव तसले.

आता तुमी म्हनाल, वैजीनाथ, तू पालमचा जीपवाला. वरातीत नवरदेवाच्या जोड्यात खाजकुयली टाकणारा माणूस तू, तुला कुणाची किळस यावी? मलाबी तसंच वाटायचं.

मुंजाजी माझा शाळंतला दोस्त. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. दिवसभर मशीनपुढं बसून जीव भरत न्हाई म्हनून संध्याकाळी दुसरं मशीन घेऊन बसतो. हॅम रेडिओ म्हनतेत त्याला. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, अन् घरच्या सेटवरून कुठल्याबी अनोळखी माणसाशी गप्पा हाणायच्या. सरकारनं दिलेली चार-दोन अक्षरं, तेच तुमचं नाव. आडनाव कुणी इचारत न्हाई.

तिथंच त्याला दिनकरराव घावले. मोठी बागायत, पोरं शहरात, बोलायला कुणी न्हाई म्हनून त्यांनीबी सेट घेतलेला. दोन वर्षं रोज संध्याकाळी दोघांचं बोलणं. "मुंजाजी, तुमी आमचे हवेतले भाऊ," हे दिनकररावाचं ठरलेलं.

मग मुंजाजीला मायक्रोवेव्हचं याड लागलं. त्यानं दोन डबे बनवले. आत पितळंची चौकोनी नळी, नळीत ज्वारीच्या दाण्यावानी एक डायोड, म्होरं ॲल्युमिनियमची थाळी. यातली लहर म्हनं बोटाच्या पेरात मावती. सरळ जाती, वळत न्हाई, म्हनून एका डोंगरावर एक डबा अन् दुसऱ्या डोंगरावर दुसरा. दोन माणसं लागतेत. अन् आवाज किती साफ आला त्याचा आकडा दोघांनीबी एकमेकाला सांगावा लागतो. एकानं सांगितला, दुसऱ्यानं न्हाई, तर ते बोलणं झालंच न्हाई असं धरायचं. आपल्या भागात असलं कुणी केलं नव्हतं. दीड वर्ष त्यानं त्या डब्यात घातलं. सोल्डरच्या धुरानं एक डोळा कायम लाल.

एक डबा दिनकररावाला द्यायचा, त्यांनी त्यांच्या रानामागल्या टेकडीवर चढायचं, आमी गंगाखेडच्या डोंगरावर, असं ठरलं. मुंजाजी सुट्टीत पालमला आला, अन् सकाळीच जीप काढली. त्या वर्षी भिंती विद्यापीठाच्या नावानं भरलेल्या. वाटंत एका गावात 'नामांतर झालेच पाहिजे' वर कुणीतरी शेण फासलेलं. मुंजाजीनं बघितलं. मांडीवरला डबा नीट धरला.

दिनकररावानं दारातच गळाभेट घेतली. त्यांची मालकीण केशरबाई, तिनं फुलाफुलाच्या कपात चहा आणला, संगं बिस्किटं. मुंजाजी डबा समजावून सांगायलाय.

"साहेब, एक ध्यानात ठेवा. तुमच्या रोजच्या सेटला बटन हाय, दाबलं तरच आवाज जातो. याला बटन न्हाई. टेलिफोनासारखं, दोन्हीकडून कायम चालूच."

"कळालं, कळालं," दिनकरराव म्हनले. "पालमला कोणाकडले तुमी? आमची बहीण तिकडंच दिलीय."

"बुद्धविहाराच्या मागं घर हाय आमचं."

दिनकररावाचा कप ओठापाशी थांबला. मग हळूच खाली आला.

"असं का. बरं बरं. आमी तसलं काय मानत न्हाई."

कुणी इचारलं होतं का?

मुंजाजी अर्धा चहा ठेवून जीपमधली थाळी काढायला गेला. दिनकरराव माझ्या कानाशी आले. तोंडाला तंबाखूचा भपकारा.

"वैजीनाथराव, तुमी तर आपल्यातले. आधी सांगायचं ना."

"काय सांगायचं? दोन वर्षं तुमीच बोलायलात त्याच्याशी."

"हवेतलं बोलणं येगळं हो," म्हनले अन् केशरबाईशी कुजबुजायला आत गेले.

म्होरं त्या दोघांचे कप. सारखीच फुलं, दोन्हीत अर्धा-अर्धा चहा. मुंजाजीच्या कपात तुटलेलं बिस्किट बुडालेलं. हात आपोआप गेला, चांगल्या कामाला जातो तसा. कप बदलले.

दिनकरराव बाहेर आले, बसले, अन् समोरचा कप एका दमात खाली केला. तळातलं बिस्किट बोटानं काढलं, बोट चाटलं. हसू दाबता दाबता मला उचकी लागली.

दुपारी आमी डोंगरावर. आधी साध्या सेटवर बोलत बोलत दोन्ही थाळ्या समोरासमोर केल्या. मुंजाजी थाळी केसाकेसानं फिरवायलाय. डब्याच्या स्पीकरातून नुसती खरखर. अन् एकदम खरखर थांबली, माणूस शेजारी बसल्यावानी आवाज आला.

"मुंजाजी भाऊ, ऐकायलात का?"

मुंजाजीच्या लाल डोळ्यात पाणी. "ऐकायलोय, साहेब. तुमचा आकडा पाच-नऊ. याच्या वर साफ आवाज नसतोच. आता माझा सांगा."

"सांगतो. थांबा, जरा तंबाखू थुकतो."

माईक कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. दोन वर्षांची बटनाची सवय. त्यांना वाटलं, बंद झालं.

"आश्रुबा," दिनकरराव त्यांच्या गड्याला म्हनले, "घरी गेलास की बाईला सांग, तो कप फोडून टाक. खुर्चीवर गोमूत्र शिंपड. अन् हा डबा घरात न्यायचा न्हाई, गोठ्यात ठेव."

"कोणता कप, मालक? समदे सारखेच हायत."

"मग समदे फोड."

मुंजाजीचं बोट थाळीच्या स्क्रूवर होतं, तिथंच राहिलं. मी त्याच्या हातातला माईक घेतला. मला लायसन न्हाई, काय फाशी देतेत का.

"दिनकरराव, वैजीनाथ बोलायलोय. कप फोडू नका, महाग असतेत. तसंबी तुमी आत गेल्तात तवा मी ते बदलले. तुमी प्यालात तो मुंजाजीचा उष्टा. तळातलं बिस्किटबी त्याचंच."

मग सुरू झालं. घशात बोट घालून माणूस ओकतो तसं. मधी थुकणं, मधी "पाणी आण रे", परत ओकणं. मधी अख्खी गोदावरी, अख्खी परभणी, अन् एकेक उबळ आमच्या कानात साफ.

लग्नसराईत माझ्या जीपमधी दारुडे ओकतेत. मी हातानं काढतो, बादलीभर पाणी मारतो, अन् तसाच जेवायला बसतो. पण त्या दिशी मी नुसत्या चुळा भरत बसलो. चहा चांगला होता ना. बोट चाटून प्याला होता. सकाळपून त्याच्या पोटात तो गुण्यागोविंदानं बसलेला. ओकारी चहाची नव्हती, बुद्धविहाराची होती.

"खरंच बदलले होते?" मुंजाजीनं इचारलं.

"खरंच."

तो हसला न्हाई. "माझ्या उष्ट्यानं माणूस असा ओकतो, हे ऐकायला मी दीड वर्ष डबा बनवला का रे वैज्या?"

मी माईक त्याच्या म्होरं ठेवला.

तेवढ्यात परत आवाज. खाकरून, घसा साफ करून, गुळावानी.

"मुंजाजी भाऊ, लय चेष्टेखोर हायत बगा तुमचे वैजीनाथराव. असू द्या. आपल्या दोघांचं नाव हॅमवाल्यांच्या मासिकात येणार म्हनला होतात ना? घ्या लिहून तुमचा आकडा. पाच..."

मुंजाजीनं स्क्रू फिरवला. थाळी बोटभर हलली असंल. आवाज गेला, नुसती खरखर राहिली.

"आरं, नऊ म्हनायचंच राहिलं होतं."

"मला ऐकू आलं न्हाई," तो म्हनला. "न ऐकलेलं बोलणं झालं म्हनता येत न्हाई. नियम हाय."

अन् वायरी गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिशी तिकडचा डबा आणायला मी एकटाच बोरीला गेलो. डबा गोठ्यात, वैरणीच्या ढिगाखाली. दिनकरराव ओसरीवर, रात्रभर झोप नसल्यासारखे. केशरबाईनं चहा दिला. कप न्हाईत, स्टीलचे दोन ग्लास. मी माझ्यातला अर्धा प्यालो, दिनकररावाच्या अर्ध्या झालेल्या ग्लासाला चिकटवून ठेवला, अन् डब्यावरली वैरण झाडायच्या नादात दोन्ही ग्लास इकडचे तिकडं केले.

"येताना मुंजाजीकडंच जेवून आलो," म्हनलं. "एका ताटात. आता यातला माझा कोणता अन् तुमचा कोणता, इसरलो बगा."

दिनकररावानं दोन्ही ग्लासाकडं बघितलं. हात एकाकडंबी गेला न्हाई. मी एक उचलून संपवला, मग दुसराबी. चहा खरंच चांगला होता.