भामाचा नारळ

गव्हाणच्या पलीकडच्या त्या गावात गावकीचा अध्यक्ष नारळांवर ठरायचा. पाच आळ्या, प्रत्येकीचा एक नारळ. आळीतल्या जाणत्यांनी आपसात बसून नाव ठरवायचं आणि नारळ सांभाळणाऱ्याने तो देवळात त्या माणसापुढे ठेवायचा. तोवर नारळवाल्यांनी एकमेकांखेरीज कुणाकडे, अगदी घरातही, नाव काढायचं नाही, अशी शपथ. नवऱ्यामागे खालच्या आळीचा नारळ सत्यवतीकडे आला, तेव्हा विधवेच्या हाती नारळ कसा म्हणून कुरबुर झाली. पण तिच्या तोंडाला कोण लागणार?

यंदा तिचा लेक केतनच उभा होता. समोर वरच्या आळीचा दिनानाथ. त्याला खाडीचा धक्का भराव टाकून बुजवून गाड्या लावायला जागा हवी होती. जमिनी विकून दारोदार गाड्या आल्या, त्या काय डोक्यावर ठेवायच्या? खालच्या आळीच्या होड्या त्याच धक्क्याला लागत. केतन आला तरच धक्का राहणार होता.

गाव देवळात जमलं आणि केतनच उठला.

"आमच्या आळीत वीस घरं, वरच्या आळीत तीनशे. दोघींचा नारळ सारखाच, हा कुठला न्याय? माणशी एक मत घ्या. मला खरं जिंकायचंय."

शेजारच्या आळीचा नारळ मांडीवर घेऊन बसलेली भामा उसळली. "घरं कमी म्हनून तर नारळ दिला ना आमाला? डोकी मोजायला बसलात तर आमी कुठं ऱ्हानार?"

रीत मोडायला पाचही आळ्यांचा होकार लागायचा. सगळ्यांनी सत्यवतीकडे पाहिलं. तिचा, भामाचा आणि मधल्या आळीचा, असे तीन नारळ केतनचेच होते. नारळवाल्यांना ते ठाऊक होतं, केतनला नव्हतं. नुसतं 'नाय' म्हटलं की झालं. पण भरल्या देवळात लेकाचा शब्द पाडायचा? त्यात तो बोलला ते खोटंही नव्हतं. खरं सांगायचं तर बाईचा ऊर भरून आला होता.

"चालंल," ती म्हणाली. मग भामानेही मान हलवली, मागोमाग बाकीच्या नारळवाल्यांनीही.

शाळेत मतदान झालं. कुणी लबाडी केली नाही. वरची आळी वरच्या आळीच्या माणसाला गेली, केतनबरोबर शिकलेली पोरंसुद्धा. दिनानाथ दणकून निवडून आला आणि महिन्याभरात धक्क्यावर भरावाचे डंपर लागले.

केतन ताटावर नुसता बसून राहिला. "आये, नारळावर गेलो असतो तर?"

त्याचा चेहरा तिला बघवेना.

"तरी पडला असतास," ती म्हणाली. "भामाचा नारळ दिनानाथकडं चालला व्हता."

केतनने मान हलवली आणि भात कालवला. पोटात काही गेलं, एवढ्यावरच तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून केतनने भामाशी बोलणं टाकलं. लहानपणी तिच्या चुलीपाशी जेवलेला पोर दारावरून मान फिरवून जायचा. आपलं काय चुकलं, हे भामा सत्यवतीला येऊन येऊन विचारायची.

"मना काय ठावं," सत्यवती म्हणायची.