ॲव्हरेज किती देते

अभय दातारने आयुष्यात एकही गोष्ट वेगात केली नव्हती. लग्नसुद्धा चार वर्षं विचार करून केलं. समोर नीलिमा होती म्हणून थांबली, दुसरी कोणी असती तर कंटाळून केव्हाच दुसरीकडे बोहल्यावर चढली असती. सिंगापुरात पाया लेबारच्या एका बँकेत तो जोखीम खात्यात होता. म्हणजे दुसऱ्या कुणी उत्साहाने काही करायचं ठरवलं, की त्यात काय काय बिघडेल ते सांगायचं आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा. अशा माणसाने एका मंगळवारी जेवता जेवता जाहीर केलं, की आपण जुनी टर्बो गाडी घेऊ आणि तिची ताकद वाढवू. नीलिमाने ताप आहे का ते पाहिलं.

कारण गाडी नव्हतीच. कारण अवनी होती. एकुलती एक मुलगी, पॉलिटेक्निकमधून नुकताच इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला. चौदाव्या वर्षी जी ती बापाशी बोलायची थांबली, ती थांबलीच. भांडण नाही, तंटा नाही. बोलणं सगळं सिंगापुरी इंग्रजीत, आणि बापाशी तर नुसतं "कॅन", "कॅनॉट" आणि "व्हॉटएव्हर लाह". एवढ्या शिदोरीवर बापाने सहा वर्षं काढली. आता सप्टेंबरमध्ये ती रेसच्या गाड्यांची इंजिनं शिकायला इंग्लंडला निघाली होती. एकदा गेली की तेही तीन शब्द गेले, हे अभयला पुरतं ठाऊक होतं.

म्हणून त्या मंगळवारी त्याने उगाच आपलं विचारलं होतं, "हे टर्बो टर्बो म्हणतात, ते नक्की काय असतं गं?"

आणि पोरगी बोलायला लागली, इंग्रजीत का होईना. धुराने चक्र फिरतं, चक्र हवा दाबतं, दाबलेल्या हवेत पेट्रोल जास्त जळतं. हातातल्या चमच्याने हवेत चक्र काढत ती बोलत राहिली आणि आमटी गार झाली. अभयला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्याचे डोळे भरून आले. ती थांबेल या भीतीने तो घाईघाईने म्हणाला, "मग घेऊ या की आपण एक." शब्द तोंडातून गेला तो गेला.

"मुलीशी बोलायला माणसं चहा करतात," भांडी आवरताना नीलिमा म्हणाली, "तू इंजिन घे."

सिंगापुरात गाडीच्या आयुष्याची दोरी सरकारच्या हाती असते. परवाना दहा वर्षांचा, संपला की पुन्हा पैसे भरा नाहीतर गाडी भंगारात घाला. नवी टर्बो गाडी घ्यायची तर चोआ चू कांगचा फ्लॅट विकून तिच्यातच राहायला जावं लागलं असतं. तेव्हा दोन-तीन वर्षं उरलेली, वयाने थकलेली पण अंगात रग असलेली एखादी शोधायची असं ठरलं. अभयने बँकेच्या सवयीने आणखी एक अट घातली, की जे काही वाढवायचं ते परवानगी काढून आणि कायद्यात बसेल तेवढंच.

पहिली गाडी अभयला पाहताक्षणी आवडली, कारण ती स्वच्छ होती. अवनी जमिनीवर आडवी झाली, चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "रंग वेगळा आहे. ही एकदा ठोकलीये." दुसऱ्या गाडीच्या मालकाने ताकद आधीच वाढवून ठेवली होती. सुरू केली तशी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

"हिचा रस आधीच काढलाय कुणीतरी," अभय म्हणाला. "आपल्याला चिपाड दाखवतायत."

अवनी हसली. बापाच्या विनोदाला हसली. अभय त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असून उभा राहिला.

तिसरी गाडी बुकित तिमाहला होती, मिस्टर गो नावाच्या निवृत्त दंतवैद्याकडे. छोटी, पांढरी, कुणीही हात न लावलेली. जाण्याआधी अवनीने बापाला समोर बसवलं.

"बाबा, तीन प्रश्न विचारायचे नाहीत. डिकी केवढी आहे. मागे तीन माणसं बसतील का. आणि प्लीज लाह, ॲव्हरेज."

"मी कशाला विचारतोय," अभय म्हणाला.

मिस्टर गोंनी गाडीवरची सुती चादर काढली ती बाळाच्या अंगावरची काढावी इतक्या हळू. मग बॉनेट उघडलं. इंजिन इतकं लख्ख, की त्यावर पोळी लाटावी. सत्तरीचे अंकल गो आणि विशीतली अवनी त्यात डोकं घालून असे गुंगले, की नातं जुळलंच म्हणायचं. अंकलनी किल्ली पुढे केली, अवनीने हात पुढे केला.

आता इथे दातारांच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. त्यांच्यात कुणाच्याही गाडीपाशी उभं राहून गप्प बसणं हा उद्धटपणा समजतात. कुणी नवी स्कूटर आणली की पेढा तोंडात टाकायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, म्हणजे आपल्याला कौतुक आहे हे कळतं. अभयच्या काकांनी तर लग्नाच्या वरातीत, फुलांनी मढवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरलाही तो विचारला होता. जित्याची खोड ती. इतका वेळ तोंड दाबून उभ्या असलेल्या अभयचं मन त्या क्षणी कौतुकाने भरून आलं आणि तो अंकलना इंग्रजीत विचारून बसला,

"ॲव्हरेज किती देते?"

मिस्टर गोंनी किल्ली खिशात टाकली आणि बॉनेट खाली केलं. "आय विल थिंक," ते म्हणाले आणि चादर घालायला लागले.

बसमध्ये अवनीने कानात इअरफोनची बोंडं घातली. घरी आल्यावर नीलिमाने विचारलं, काय झालं. "व्हॉटएव्हर," अवनी म्हणाली आणि दार लावून घेतलं. अभयला जेवण गेलं नाही. सहा वर्षांनी उघडलेलं तोंड त्याने एका प्रश्नाने बंद करून दाखवलं होतं, आणि प्रश्न तरी कसला, लिटरला किलोमीटर.

आठवडा असाच गेला. मग मिस्टर गोंचा निरोप आला. मधल्या काळात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. एकाने इंजिन गरम व्हायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबून ते किंचाळवलं, दुसऱ्याने वर्षभरात नफ्यात विकता येईल का विचारलं. त्यांच्यापेक्षा ॲव्हरेजवाला बरा, असं अंकलनी कळवलं होतं. मात्र गाडी कुठे राहणार ते त्यांना आधी बघायचं होतं.

"म्हणजे मुलीचा बाप स्थळ बघायला येतोय," नीलिमा म्हणाली आणि कांदे चिरायला घेतले.

अंकल गो आले. आधी पार्किंगचा मजला पाहिला, ऊन कुठून येतं ते विचारलं, शेजारची गाडी दार कसं उघडते त्याचा अंदाज घेतला. मग वर येऊन पोहे घेतले. खाता खाता त्यांची नजर घरभर फिरत होती. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. फ्रिजच्या मुठीला टॉवेल. सोफ्याला चादर, चादरीवर आणखी एक चादर. नीलिमाने चटणी वाटायला मिक्सर काढला तो खोक्यातून, थर्माकोलसकट, आणि वाटून, पुसून परत खोक्यात ठेवला.

"नवा?" अंकलनी विचारलं.

"लग्नातला आहे," नीलिमा म्हणाली. "मामांनी दिलेला."

अंकलनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चेहऱ्यावर असं समाधान, की एवढं सुख त्यांना दवाखान्यातही कधी मिळालं नसेल. इतकी वर्षं ते शोधत होते ती माणसं हीच. गाडी तुमची, ते म्हणाले. अट एकच. तिच्यात काहीही बदलायचं नाही. आहे तश्शी ठेवायची, मिक्सरसारखी.

घोडं तिथे अडलं. अवनीने बशीतलं खोबरं बोटाने गोळा केलं आणि मान वर न करता पुटपुटली, "हो म्हण ना, बाबा. नंतरचं नंतर बघू."

अख्खं वाक्य मराठीत. लहानपणानंतर पहिल्यांदा. पाहुण्यासमोर कट करायचा तर मराठीसारखी सोय नाही, हे तिलाही कळलं होतं. अभयला गहिवरून आलं. एक "हो" म्हणायचं, गाडी घरात, पोरगी सप्टेंबरपर्यंत बोलती. पण जोखीम खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाची जीभ खोट्याला वळेना. शिवाय मुलीशी नातं जोडायचं ते पोहे खाणाऱ्या म्हाताऱ्याला फसवून, हे त्याला काही बरं वाटेना.

"नाही अंकल," तो म्हणाला. "बदलणार. तिची ताकद वाढवायची म्हणूनच घेतोय. काय बदलणार ते मला कळत नाही. माझ्या मुलीला विचारा, तिला सगळं कळतं."

अवनीने वर पाहिलं. तिला सगळं कळतं, असं बाप तिसऱ्या माणसासमोर म्हणाल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. अभयने म्हटलंही नव्हतं कधी. वाटायचं रोज.

"व्हाय?" अंकल गो तिच्याकडे वळले. आवाज परीक्षेतला होता.

ती सुरुवातीला अडखळली. मग सांगायला लागली. इथल्या उकाड्यात टर्बोची हवा तापते, त्यामुळे इंजिन बिचारं अर्ध्या दमाने पळतं. हवा थंड करायची जाळी मोठी बसवली, मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवा हिशेब शिकवला, तर ताकदही वाढेल आणि इंजिन सुखातही राहील. अंकल म्हणाले, गिअरबॉक्सला नाही सोसायचं. अवनी म्हणाली, थोडं वाढवलं तर सोसतं. अंकलनी पेपरच्या कडेला चित्र काढून दाखवलं, तिने त्यावर काट मारली. पोह्यांची दुसरी बशी आली आणि संपली. शेवटी अंकलनी पेन खाली ठेवलं.

"मलाही करायचं होतं," ते म्हणाले. "बायको म्हणाली, कॅनॉट."

नीलिमाने अभयकडे पाहिलं. अभयने छताकडे पाहिलं.

गाडी आली. सरकारी परवानगी निघाली. काम झालं त्या दिवशी अंकल गो गॅरेजमध्ये सकाळपासून हजर होते. संध्याकाळी अवनी चालवायला, अंकल तिच्या शेजारी, आणि अभय मागे, गुडघे हनुवटीला लावून. गाडी सुटली तसा त्याचा उडालेला जीव ठिकाणावर यायला बुकित तिमाहपर्यंत वेळ लागला. दोघं पुढे अखंड बोलत होते. त्याच्याशी नाही, पण त्याला ऐकू येत होतं, आणि आरशातून ती अधूनमधून बाप जिवंत आहे ना ते बघत होती.

अंकलना सोडून दोघं पेट्रोल भरायला थांबले. टाकी फुल्ल झाली. अवनी आत वाकली आणि बापाला दिसणार नाही अशा बेताने किलोमीटरचा काटा शून्यावर आणला. ॲव्हरेज काढायचं तर दातार लोक पहिलं काम हेच करतात. अभयने पाहिलं आणि तो पैसे द्यायला गेला. खाण तशी माती.

सप्टेंबरमध्ये ती गेली. विमानतळावर मिठी मारून म्हणाली, "बाबा, दर रविवारी तिला फिरवायचं. कॅन?"

"कॅन," अभय म्हणाला.

पहिल्या रविवारी तिचा फोन आला. "बाबा, ॲव्हरेज किती देते?"

अभयने अभिमानाने आकडा सांगितला. गोगलगायीच्या चालीने चालवलेली गाडी, आकडा फक्कडच होता. "ओह, गुड," अवनी म्हणाली आणि फोन आईकडे गेला. दुसऱ्या रविवारी रस्त्यात गर्दी लागली आणि आकडा घसरला. त्याने घाबरत घाबरत सांगितला.

"काय? कसं? टायरमध्ये हवा बघितलीस? कुठल्या गिअरमध्ये होतास? थांब, आधी फिल्टरचं सांग." ती बोलत राहिली, अर्धं मराठीत, अर्धं लाह-लाह करत. मग फिल्टरवरून तिच्या कॉलेजच्या इंजिनावर, तिथून तिच्या थंडगार खोलीवर, तिथून बाबा तुझा गुडघा कसा आहे यावर. नीलिमाने दोनदा ताट वाढल्याचं सांगितलं आणि नाद सोडला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी लिम चू कांगच्या मोकळ्या रस्त्यावर एक पांढरी गाडी दिसते. वेगाची मर्यादा ती ओलांडत नाही, पण प्रत्येक सिग्नलला नको तेवढा जोर लावून सुटते. आत वरचं हँडल घट्ट धरून नीलिमा बसलेली असते.

"अभय, हळू. पेट्रोल किती जाळतोयस," ती म्हणते.

"जळू दे," अभय म्हणतो आणि पुढच्या सिग्नलची वाट बघतो. "आज संध्याकाळी तिचा फोन आहे."