हौदात तुरटी

एकोणीसशे त्र्याऐंशी सालची गोष्ट. त्या काळी घरामागे पोहायचा तलाव असणं म्हणजे अप्रूपच होतं. दादाने घर घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला, आणि घरात तर एकालाही पोहता येत नव्हतं. सगळे त्याला हौद म्हणायचे. पुढे दादाच्या वडिलांचं, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांचं, कंबरेचं हाड मोडलं, डॉक्टरांनी छातीभर पाण्यात चालायला सांगितलं आणि हौदाचं नशीब उघडलं.

रोज सकाळी सासऱ्यांना हात धरून पाण्यात चालवायचा तो धाकटा मुलगा, दादाचा भाऊ. कुठल्याही नोकरीत टिकला नव्हता. उंच, काटकुळा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात जाळी घेऊन काठावर तासन् तास उभा. वहिनीनेच त्याचं नाव बगळा ठेवलं होतं आणि त्याला ते आवडायचं. पंप, वाळूचा फिल्टर, क्लोरिन, सगळं तो बघायचा. घरात त्याच्या नावावर म्हणून एवढं एकच काम होतं. दादाने बजावलं होतं, "हे तरी नीट कर. नाहीतर काकांच्या गोदामात जागा आहे, परगावी. बॅग भरायची आणि निघायचं."

त्या आठवड्यात वहिनीची बहीण प्रथमच राहायला येणार होती. फोनवर म्हणाली होती, "तुमचं काय बाई, घरातच तलाव!" तेव्हापासून वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. पाणी किंचित धुरकट वाटत होतं. माहेरी पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवली की सकाळी ते कसं आरशासारखं होई! मग दुपारी सगळे झोपलेले असताना तिने चांगली डबाभर तुरटी कुटली आणि हौदात ओतली. पंप चालू होता. तुरटी घातली की तो बंद ठेवायचा असतो, नाहीतर गाळ खाली बसतच नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. माहेरच्या हंड्याला कुठला पंप?

दुसऱ्या दिवशी हौदात पाणी नव्हतं, ताक होतं. पहिली पायरीसुद्धा दिसेना.

"बाबांना आत नेऊ नकोस," दादा कडाडला. "पाय कुठे पडतोय ते दिसायला नको? काय घातलंस यात?"

"काही नाही रे दादा. रोजचंच."

"रोजचंच! रोज जाळी घेऊन उभा असतोस, मासे धरतोस की काय?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. आत्ता बोलावं, असं जिभेवर आलं. पण दादाचा आवाज असा चढला होता की ती तशीच मागे फिरली. संध्याकाळी शांत झाल्यावर सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळी बहीण आली.

बगळ्याने क्लोरिन वाढवलं. फिल्टरमधून उलट दिशेने पाणी सोडून तो धुतला. पाणी ढिम्म. शेवटी त्याने फिल्टर उघडला आणि हाताने वाळू उपसायला घेतली. वहिनी कपडे वाळत घालत होती. तो तिच्याकडे मूठ घेऊन आला. वाळूत पांढरा, बुळबुळीत चिकटा होता.

"वहिनी, हे काय असेल हो? असं कधी पाहिलं नाही मी."

"मला काय कळतंय त्यातलं, भाऊजी?"

ती चादर झटकत राहिली. तो मूठ न्याहाळत परत गेला. आत सासरे खुर्चीवर बसून मांड्या चोळत होते. "आजही नाही का रे बगळ्या? पाय लाकूड झालेत," म्हणत होते. जेवताना तिने अर्धं ताट तसंच सारलं. बहिणीने विचारलं, "बरं नाही का तुला?" "ऊन लागलं," ती म्हणाली. एकामागून एक थापा.

दुसऱ्या दिवशी बहीण निघून गेली आणि वहिनी काठावर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुरटी घातली मी. डबाभर."

बगळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो चक्क हसत सुटला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं माझंच डोकं फिरलं." त्याने उडी मारून पंप बंद केला. आता पाण्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणाला. सगळा गाळ तळाशी बसू दिला, मग नळी लावून तो हलक्या हाताने थेट गटारात ओढून काढला. वाळू बदलली, तुरटीचा आंबटपणा मारायला सोडा घातला. तळाच्या निळ्या फरश्या एकेक दिसायला लागल्या.

"यांना मी सांगते," वहिनी म्हणाली.

"कशाला? पाणी झालं ना साफ. उगाच तुम्हाला बोलेल."

दादा कामावरून आला. वाकून तळ पाहिला. "म्हणजे येत होतं तुला. डोक्यावर बसल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच. काकांशी बोललोय मी. सोमवारी निघ."

बगळ्याने वहिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं, त्याने पाहिलं असतं तर ती बोलली असती. तो खाली बसून नळीची गुंडाळी करत राहिला. ती म्हणाली, "अहो, एवढी काय घाई?" आणि तेवढंच म्हणाली. सोमवारी तिने त्याला डबा बांधून दिला, नेहमीपेक्षा मोठा.

सासऱ्यांना नंतर दादाने पाण्यात चालवून पाहिलं. "तू ओढतोस," म्हणून ते बाहेर आले आणि पुन्हा उतरले नाहीत. पुढची सहा वर्षं ते काठी घेऊन चालले आणि गेले.

बगळा गोदामात मात्र टिकला. तिथेच लग्न केलं, दोन मुली झाल्या. दरवर्षी यायचा, वहिनीच्या पाया पडायचा. तो वाकला की ती पाय मागे घ्यायची. पन्नाशी गाठायच्या आधीच हृदयविकाराने गेला. वहिनीच्या बहिणीला यातलं काही कधी कळलं नाही.

हौद बुजवून वर गाड्यांसाठी फरशी टाकली.

दादा सेवानिवृत्त झाल्यावर एकदा जेवताना वहिनीने त्याला सगळं सांगितलं. त्याने तोंडातला घास संपवला. मग म्हणाला, "अगं, त्याला मी पाठवणारच होतो. पाणी नुसतं निमित्त झालं."

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. तिने ताटं उचलली, आत नेऊन घासली आणि दोघांच्या औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या. ती अजून आहे, त्याच घरात. बगळ्याच्या मुलींचा फोन आला की आधी दादाला बोलू देते.