धाकटीच्या पेशींची ऊब

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना फ्रिज आठवतो. पण माझे काम नेमके उलटे. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. माणसाच्या अंगाइतकी ऊब मी पोटात राखतो.

कारखान्यातून मी थेट प्रयोगशाळेत आलो. तिथल्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. त्या माझ्या फळ्या स्वतः पुसत. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी त्या माझ्यात वाढवत. जेलीच्या थेंबात त्यांचे मोहरीहून बारीक गोळे होत. ती त्या अस्तराची चिमुकली रूपेच. कोणत्याही बाईला त्रास न देता हार्मोनचा परिणाम त्यांच्यावर पाहता येई.

ताईंची धाकटी बहीण शिक्षिका होती. पाळी आली की वर्गात फळ्याला टेकून ती कशीबशी उभी राही. गर्भाशयाबाहेरही अस्तर वाढण्याचा तिचा आजार डॉक्टरीणबाईंनी ओळखला; पण हार्मोनच्या गोळ्यांनी गुण येईना. "गोळ्या वेळेवर घेत नसणार. लहानपणापासून चालढकल करते," असे आई म्हणे. पुढे धाकटीची शाळेतली नोकरीही सुटली.

मग तिने आपल्या पेशी अभ्यासासाठी दिल्या. ताई रोज माझ्या दाराशी येत, काचेतून पाहत आणि परत जात. शेवटी पेशींच्या सगळ्या गोळ्यांना धाकटीच्या औषधातले हार्मोन दिले. निरोगी बायकांचे गोळे त्या हार्मोनने बदलले. धाकटीचे मात्र ढिम्म राहिले.

ताईंनी आईला आणि धाकटीला बोलावले, आणि आईला समोरच्या सूक्ष्मदर्शकाशी बसवले. "एवढ्यावरून औषध ठरत नाही, आई. पण हिच्या पेशी ते हार्मोन ऐकतच नाहीत."

आईने भिंगाला डोळा लावून पाहिले. मग म्हणाली, "मी हिला आळशी म्हणाले."

"आता म्हणू नकोस, म्हणजे झालं," धाकटी म्हणाली आणि आईच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

पुढे आणखी तपासण्या होऊन तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. दुखणे समूळ गेले नाही, पण ती पुन्हा शिकवू लागली.

माझ्या दाराचे रबर आता झिजले आहे. नवे यंत्र आले, तसा मी व्हरांड्यात गेलो. माझ्यात रिकामी खोकी ठेवतात. मित्रांनो, यंत्र पुसून ठेवा, ते चार वर्षे जास्त चालेल. पण घरातली एखादी मुलगी "दुखतंय" म्हणाली, तर पुरावा मागू नका. आधी तिला बसायला जागा द्या.